येसराचे ठिपके

भावकीत कुणाचंही लग्न निघालं की पंगतीच्या आमटीला येसर लागायचं ते सिद्धम्माच्या घरचं. डाळी, गहू, धने भाजून मसाल्यासकट दळलेलं हे पीठ कळंबकडं घरोघर असतं, पण सिद्धम्माचं म्हणजे सासूबाईंच्या हातचं. धने कुठवर भाजायचे ते त्या चुलीकडं न बघता, नुसत्या वासावर सांगायच्या. तो वास सिद्धम्माच्या नाकात अजून होता. लग्नादिवशी तिच्या घरून येसराचा डबा हलगी वाजवत निघायचा आणि सिद्धम्मा पुढं चालायची.

तिची नात राजेश्वरी धाराशिवला संख्याशास्त्र शिकत होती. वस्तूंमधला फरक काळानुसार कसा बदलतो ते चित्रात दाखवायचं, असा तिचा प्रकल्प. तिनं थोरली सिद्धम्मा आणि तिच्या तीन जावा, अशा चौघींचं येसर वाट्यांत घेतलं, शेजारणींना कुठली वाटी कुणाची ते न सांगता चाखवलं आणि दर दोन वाट्यांत किती फरक वाटतो त्याचे गुण मागितले. मग मोबाइलवर चार ठिपके उमटले. चवी जितक्या सारख्या, तितके ठिपके जवळ. तिघींचे ठिपके एकमेकांना खेटून आणि सिद्धम्माचा लांब कोपऱ्यात, वाळीत टाकल्यासारखा.

धाकट्या जावेच्या, मल्लम्माच्या नातीचं लग्न दिवाळीनंतर होतं. मल्लम्मा चित्राकडं बघून म्हणाली, "अक्का, शिवरंजनीच्या लग्नाला कुणाचं येसर घ्यायचं ते दिवाळीतलं पुढलं चित्र बघून ठरवू."

लांब म्हणजे वेगळं, वाईट नव्हे, असं राजेश्वरीनं परोपरीनं सांगितलं. पण सिद्धम्माच्या जेवणावरची वासनाच उडाली. ताक मागायचं निमित्त करून ती तिन्ही जावांकडं जाऊन आली. त्या धने कच्चट ठेवत होत्या आणि लवंग सढळ हातानं घालत होत्या. सासूबाईंच्या फोटोकडं पाठ करून तिनंही तसंच दळलं.

दिवाळीत पुन्हा चाखणं झालं. पुन्हा तीन ठिपके एकत्र आणि सिद्धम्माचा एकटाच.

"मी तर जागची हलले," सिद्धम्मा पुटपुटली.

नुसत्या अंतरावरून कोण हललं ते कळत नाही, म्हणून राजेश्वरीनं पहिल्या खेपेचं येसर डब्यांत जपून ठेवलं होतं आणि तेही नव्याच्या जोडीनं चाखवलं होतं. आता तिनं प्रत्येक जुन्या ठिपक्यापासून नव्यापर्यंत रेघ ओढली. सिद्धम्माची रेघ तिघींच्या जुन्या जागेवर गेली होती. तिघींच्या रेघा सिद्धम्माच्या जागेवर आल्या होत्या. येडशीच्या स्टेशनात समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना ओलांडून जातात, तशी वाटेत गाठ पडली होती, ओळख न देता.

मल्लम्मा पदराशी चाळा करत म्हणाली, "तुमचा ठिपका एकटा दिसला. वाटलं, सासूबाईंची खरी चव हीच, आमीच भरकटलो. मग आमी तिघींनी तुमच्यावानी दळलं."

"मग मला बोलली का न्हाईस?"

"तुमी ताक मागायला आला तवा सांगितलं व्हतं का?"

येसराचा मान थोरलीचाच, हे आता कुणी नाकारत नव्हतं. पण थोरलीचा डबा लवंगेनं भरलेला आणि पुन्हा भाजायला दिवस उरले नव्हते. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी सिद्धम्मा मागच्या दारानं मल्लम्माकडं गेली. मल्लम्मानं काही न विचारता स्वतःचं येसर तिच्या डब्यात शिगोशीग भरलं.

दुसऱ्या दिवशी तोच डबा हलगीच्या तालावर सिद्धम्माच्या घरून मल्लम्माच्या मांडवात आला. मल्लम्मानं त्याला हळदकुंकू लावलं, मान तुकवून उतरवून घेतला आणि हळूच विचारलं, "जमलंय न्हवं, अक्का?"

सिद्धम्मानं चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले.

"धने अजून जरा भाजायला पायजे होते," ती म्हणाली.