पालथे चित्र

"खळ तयार आहे, दादा. फळी सरकव इकडे."

ताहेइने फळी सरकवली नाही. चेरीच्या लाकडाची ती फळी त्याने स्वतःच रंधून गुळगुळीत केली होती. धाकटी बहीण ओकिनू आपल्या नवऱ्याचे, चित्रकार योशिजीचे, शेवटचे चित्र घेऊन समोर बसली होती. चित्रात नाटकगृहातला म्हातारा शामिसेनवादक कांगोरो होता. मान कललेली, हात तारेवर उतरण्याच्या बेतात. योशिजीला जाऊन अजून महिनाही झाला नव्हता.

कामाची पद्धत ठरलेली होती. चित्र फळीवर पालथे चिकटवायचे, पाठीचा कागद ओल्या बोटाने चोळून काढायचा आणि दिसू लागलेल्या रेषांच्या कडेने लाकूड कोरायचे. ठसा तयार होतो; त्यावरून प्रकाशक शेकडो प्रती छापतो. मूळ चित्र उरत नाही.

"मी नक्कल काढतो," ताहेइ म्हणाला. "ती चिकटवू. हे तू ठेव. त्याच्या हातचं दुसरं काय राहिलंय तुझ्याकडे?"

"तू नक्कल काढणार? लहानपणी तू मांजर काढलंस, तेव्हा आई म्हणाली होती, बेडूक छान जमलाय."

"चेष्टा पुरे. प्रकाशकाला फरक कळणार नाही."

"कांगोरोंना कळेल. हा अंगठा बघ. ताप अंगात असतानाही हे रोज नाटकगृहात जाऊन बसायचे, ह्या अंगठ्यासाठी." तिने कागदाची कड सारखी केली. "पेटीत ठेवलं, तर मी एकटीच बघत बसेन. त्यांनी ते माझ्यासाठी नाही काढलं, दादा. लोकांनी विकत घेऊन भिंतीवर लावावं, म्हणून काढलं."

"आणि मध्येच रडायला लागलीस म्हणजे?"

"रडले तरी तू हात थांबवायचा नाहीस."

ताहेइने फळी पुढे केली. ओकिनूने खळ सारखी पसरली, चित्र पालथे ठेवले आणि मधून कडांकडे तळवा फिरवत एकही फुगा राहू दिला नाही. मग बोट ओले करून ती कागद चोळू लागली. पापुद्रे सुटत गेले. पांढऱ्यातून अंगठा वर आला, उलटा, काळाभोर.

ताहेइ नेहमी चेहऱ्यापासून सुरुवात करी. आज त्याने पाते अंगठ्याच्या रेषेला लावले.

दिवस कलेपर्यंत तो कोरत राहिला. काम संपल्यावर ओकिनूने ढलप्या झाडून गोळा केल्या. कित्येकींवर कागदाचे शाई लागलेले तुकडे चिकटलेले होते.

"वेचून देऊ का?" ताहेइने हळूच विचारले.

"नको." तिने त्या सगळ्या चुलीत सारल्या, जाळ धरेपर्यंत फुंकर घातली आणि वर चहाचे पाणी ठेवले.