अकरा ग्रॅम

दुकानाच्या काचेच्या काउंटरवर दोन लॅपटॉप शेजारीशेजारी मांडले होते. त्यातल्या काळ्याची बिजागरी पेंगने बनवलेली. वीस वर्षं त्याने हेच केलं आणि गेल्या फेब्रुवारीत कंपनीने त्याला नारळ दिला. आता मुलगी नोकरीसाठी हॅम्बर्गला निघाली होती. जाताना तिच्या पाठीवर आपल्या हातचं काहीतरी असावं, एवढी एकच हौस त्याला उरली होती. म्हणून तर तो यीरूला घेऊन तैपेईच्या गुआंगह्वा बाजारात आला होता.

“काळा बत्तीस हजार नऊशे, राखाडी अडतीस हजार नऊशे,” विक्रेती पोपटासारखी बोलत सुटली. “पडदा तोच, मेमरी तेवढीच. राखाडीची बॅटरी तासभर जास्त चालते. पण काळा बघा, नऊशे ब्याण्णव ग्रॅम. किलोच्या आत!”

यीरूने एका बोटाने काळ्याचं झाकण उचललं. ते अलगद वर आलं, खालचा भाग जागचा हलला नाही. घेणारा प्रत्येक जण हे करून बघतोच, आणि त्या एका बोटासाठी पेंगने कितीतरी रविवार कारखान्यात घालवले होते.

“बाबा, जमलंय हं तुम्हाला! शिवाय सहा हजारांनी स्वस्त. ठरलं, हाच. आईला सांगते, बाबांना पाठीवर घेऊन फिरणार म्हणून.”

पेंगला हसू फुटलं, पण त्याने लॅपटॉप उलटा करून खालचा क्रमांक वाचला आणि ते मावळलं. पहिल्या खेपेतला एखादा मिळेल, अशी त्याला आशा होती. हा दुसऱ्या खेपेतला निघाला.

पहिल्या खेपेत बिजागरीखाली पोलादाची पट्टी होती. वजन भरायचं एक किलो तीन ग्रॅम. वरच्या साहेबांना काय, खोक्यावर छापायला आकडा हवा. त्यांनी पट्टी काढायला सांगितली. नुसत्या प्लास्टिकला दीड वर्षात तडा जाणार, हे पेंगला पक्कं ठाऊक होतं. तरी नोकरी टिकावी म्हणून त्याने मुकाट सही केली. पुढच्याच महिन्यात नोकरी गेली.

“राखाडी घे,” तो म्हणाला.

“अहो बाबा, पण हा तुमचा आहे ना?”

“बिजागरी टिकणार नाही याची. मला माहीत होतं.”

यीरूने काळ्यावरचा हात काढून घेतला.

“काय हे काका!” विक्रेती हसली. “सकाळपासून असे चार गेलेत.”

यीरूने आपल्या कार्डावर राखाडीचे पैसे दिले. तोवर एक बाई शाळेच्या गणवेशातल्या मुलीला घेऊन काचेशी आली.

“एका बोटाने उघडतो, करून बघा ना,” विक्रेती त्यांना सांगत होती.

त्या बाईला सांगावं असं पेंगच्या मनात आलं. त्याची जीभ उचलली नाही. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

बाहेर आल्यावर त्याने पिशवी घ्यायला हात पुढे केला.

“राहू द्या,” यीरू म्हणाली, “जड नाहीये.”

आणि ती पुढे चालू लागली.