कानावरची पेन्सिल

सुताराच्या कानावर पेन्सिल आणि त्या पेन्सिलीत त्याच्या लेकीचा जीव. करवत तिची, रंधा तिचा, भुसा झाडणं तर तिचंच. पण लाकडावर रेघ ओढायची ती बाबांनीच. बाबांच्या हाताखाली सात वर्षं झाली, पेन्सिल काही त्या कानावरून उतरेना.

त्या सकाळी खिडकीची चौकट बाकावर जुळवून ठेवली होती. बाबांनी मापाची फीत ताणली, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत.

"दोन्ही तिरकी मापं सारखी. चौकट सरळ, चारी कोपरे काटकोनात. ठोक खिळे."

"बाबा, खाली रुंद वाटतेय."

"वाटतं ते तुला, फितीला नाही वाटत! तिरकी मापं सारखी, की चौकट सरळच. शेकड्यांनी बसवल्यात."

"बसल्या हो. पण एक जरी वाकडी निघाली, तर नियम गेलाच ना?"

"मग दाखव ना एक! पेन्सिल तुझी."

लेकीने सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या उचलल्या. फुली केली, पण मधोमध नाही; दोन्ही पट्ट्यांचा छेद सारखाच वर सरकवला. चारी टोकांभोवती सुतळी फिरवली. वर चिमुकली, खाली ऐसपैस, घेरदार झग्यासारखी आकृती झाली.

"तिरकी मापं सारखी. बसवा आता खिडकी!"

बाबांनी चौकटीच्या बाजू मोजल्या. खालची वरचीपेक्षा अर्धं बोट जास्त. रेघ त्यांचीच होती.

लेकीला जिंकून गोड वाटेना. "मग असं म्हणू," ती घाईने म्हणाली, "समोरासमोरच्या बाजू सारख्या, की चौकट सरळ."

बाबांच्या मिशीत हसू हललं. त्यांनी तशाच चार पट्ट्या घेतल्या, टोकांना एकेक खिळा मारला आणि एका कोपऱ्याला बोट लावलं. अख्खी चौकट डुलक्या घेणाऱ्या म्हाताऱ्यासारखी कलली.

"बाजू सारख्याच आहेत हं बाईसाहेब. बसवा खिडकी!"

"म्हणजे तुमचाही नियम गेला, माझाही."

"जातात कुठे? एकेकटे लंगडे आहेत. हातात हात घालून नीट चालतील."

बाबांनी पेन्सिल उतरवली, पटाशीने तिचे दोन तुकडे केले. "मोठा माझा. बाप आहे मी."

धाकटा तुकडा तिच्या कानावर टिकेना. दोनदा पडला. तिसऱ्यांदा बाबांनीच खोचला, आणि फितीचं टोक धरून उभे राहिले.

"हं, आख."