आबांनी पाहिलेली जागा

नारायणगावात भाड्याची खोली मिळणं अवघड नव्हतं. अवघड होतं ते हिराच्या पगारात बसेल आणि रात्री दवाखान्यातून सुटलेली एकटी पोरगी जिथं नीट पोचेल, अशी खोली मिळणं. स्वस्त खोल्या मार्केट यार्डाच्या अंगाला होत्या, पण टोमॅटोच्या हंगामात तिथं रात्रभर ट्रक उभे असत आणि ट्रकांच्या आडोशाला काय चाले ते विचारू नये. चांगल्या खोल्या चांगल्या लोकांच्या बंगल्यांत होत्या आणि चांगले लोक भाडंही चांगलंच सांगत.

हिरा आळे गावाच्या पुढच्या माळावरची. नर्सिंगचा कोर्स करून ती इथल्या एका खाजगी दवाखान्यात लागली होती. दुपारची पाळी रात्री सुटायची. तेवढ्या रात्री आळेफाट्याची जीप मिळाली तर मिळाली, आणि मिळाली तरी फाट्यापासून वस्तीपर्यंत अंधारात कोण जाणार? अलीकडं बिबट्याही उसातून रस्त्यावर येऊन बसायला लागला होता. म्हणून बरोबरच्या तेजस्विनीनं तिला आपल्या घरी ठेवून घेतलं होतं. पण तेजस्विनीच्या भावाचं लग्न ठरलं, घराला रंग लागला, पाहुणे कुठं झोपवायचे याची बोलणी सुरू झाली, आणि तोंडानं कुणी काही म्हणालं नाही तरी हिराला कळायचं ते कळलं. लग्नाच्या आत खोली मिळाली नाही तर नोकरी सोडून माळावर परत जायचं. आणि माळावर परत गेलेल्या पोरीचं पुढं काय होतं, हे तिला मैत्रिणींच्या संसारांवरून चांगलं ठाऊक होतं.

तिचे वडील भिमा. ती त्यांना आबा म्हणायची. आबा मेंढरं राखायचे. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणाच्या दिशेनं निघायचं आणि पावसाच्या तोंडी वर यायचं, हे त्यांच्या बापजाद्यांपासूनचं. वाटेतले शेतकरी त्यांची मेंढरं आपल्या रानात बसवून घेत. लेंडीखत रानाला, दाणे मेंढपाळाला. त्या आठवड्यात आबांची मेंढरं नेमकी नारायणगावच्या शिवेवर, कांद्याच्या एका मोकळ्या रानात बसली होती. दवाखान्यातून चालत गेलं तरी पोचता येईल इतकी जवळ.

ही गोष्ट हिरानं कुणालाही सांगितली नव्हती. तेजस्विनीच्या घरी तिनं 'आमची शेती आहे' एवढंच सांगितलं होतं. ते काही खोटं नव्हतं, माळावर चार वाफे होतेच. पण अर्ध्या खऱ्याला फार जपावं लागतं, आणि हिरा ते तान्ह्या लेकरासारखं जपत होती.

एका सकाळी ती गुपचूप रानात गेली. आबा वाघर आवरत होते. वाघर म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावायचं जाळं.

"तीन जागा बघितल्यात," ती म्हणाली. "एक यार्डापाशी, एक बंगल्यांच्या लाइनीत, आन् एक वेशीमागच्या आळीत. तिथल्या प्रयागमावशींची माडीवरची खोली हाय. पण त्या म्हणत्यात, घरचं मोठं मानूस दाखवल्याबिगर किल्ली द्यायची न्हाई."

प्रयागबाईंना तिनं काय उत्तर दिलं होतं, हे ती बोलली नाही. 'वडील कामात आहेत, नंतर येतील,' असं सांगून ती जिना उतरली होती.

"मी बघून येतो तिन्ही," आबा म्हणाले.

"खोल्या मी बघितल्यात की. नळ हाय, संडास हाय, कडी-कोयंडा हाय."

"खोलीत काय बघायचं? भिंती सगळीकडं सारख्याच. जागा बघावी लागती, बाय."

आबांची जागा बघायची रीत हिराला लहानपणापासून माहीत होती. नव्या गावात मेंढरं बसवायच्या आधी ते बांधावर जाऊन गप बसायचे. कुत्री कुठून येतात, दारुडे कुठल्या वाटेनं घरी जातात, आणि मुख्य म्हणजे कुणी येऊन 'कोन रं पावणं, कुठलं?' असं विचारतं का, ते बघायचे. जिथं कुणी विचारलं नाही तिथं आबा वाघर लावत नसत. म्हणायचे, "ज्याला आपली चौकशी न्हाई, त्याला चोराची तरी कुठनं असंल?"

हिराच्या डोळ्यापुढं चित्र उभं राहिलं: लाल पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, मेंढरांचा तो वास, आणि आबा प्रयागबाईंच्या दारासमोर उकिडवे बसलेले. 

"जावा," ती म्हणाली, "पण कुणाशी बोलू नका, आबा. माझं नाव तर घेऊच नका. लोकं उगं चौकश्या करत्यात."

आबांनी तिच्याकडं क्षणभर पाहिलं. मग पुन्हा वाघरीच्या गाठी सोडायला लागले.

"बरं. न्हाई बोलत," ते म्हणाले.

इतकं साधं म्हणाले की हिराला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज तिला पुढं आयुष्यभर पुरली.

दोन दिवसांनी सकाळीच ती तेजस्विनीच्या स्कूटीवर मागं बसून वेशीमागच्या आळीत गेली. प्रयागबाईंच्या हातापाया पडून, मोठ्या माणसाचं नंतर बघू म्हणून, खोली पक्की करायचा तिचा विचार होता. आळीच्या तोंडाशी पिठाची गिरणी होती. गिरणी बंद होती आणि पुढं माणसं गोळा झाली होती. त्या दिवसांत चोरट्यांच्या वावड्या उठल्या होत्या, त्यामुळं गर्दी दिसली की काय झालं असेल ते विचारायची गरज पडत नसे.

"घावला एक," गिरणीवाला हौशीराम पिठानं भरलेल्या हातांनी सांगत होता. "कालच्याला सांजचं बसून गेला. आज पुन्हा उजाडायला हजर. नाव इचारलं, बोलत न्हाई. गाव इचारलं, बोलत न्हाई. हात जोडून इचारलं राव! मग ठिवून दिल्या दोन."

तेजस्विनीनं स्कूटी थांबवली. माणसांच्या मधून हिराला आधी पटका दिसला, सुटून धुळीत पडलेला. मग आबा दिसले. भिंतीला टेकून बसले होते. ओठ फुटला होता आणि शर्टावर हौशीरामच्या हाताचं पीठ उमटलं होतं.

आबांनी मान वर केली. तिला पाहिलं. आणि परक्या बाईकडं चुकून नजर जावी अन् माणसानं ती काढून घ्यावी, तशी काढून घेतली.

प्रयागबाई दारातून तांब्या घेऊन येत होत्या. हिराला बघून थांबल्या.

"तू दवाखान्यात असतीस, रोज शंभर मानसं बघतीस. ह्याला कुठं बघितलंस का गं, पोरी?"

सगळे हिराकडं बघायला लागले. तेजस्विनीही बघत होती. 'हे माझे वडील' हे तीन शब्द. ओठांवर आलेही होते. पण बाहेर पडले ते दुसरेच.

"नाही. मला नाही माहीत."

आणि एवढ्यावर भागलं असतं तरी बरं होतं. ती पुढं म्हणाली, "म्हातारा माणूस आहे. जाऊ द्या ना त्याला."

'त्याला' म्हणाली. बापाला.

"नर्सबाईचं काळीज हाय बाबा," हौशीराम म्हणाला आणि बाजूला झाला. माणसांनी माना डोलावल्या. तेजस्विनी तिच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "किती मायाळू आहेस गं!" जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं हिराला वाटलं, पण जमीन काही असल्या कामाला येत नाही.

प्रयागबाईंनी तांब्या पुढं केला. आबा ओंजळीनं पाणी प्यायले आणि धुळीतला पटका झटकून, तो डोक्याला न बांधताच, काखेत मारून, आळीबाहेर निघून गेले. मागं वळून बघितलं नाही.

तेजस्विनीला काहीतरी निमित्त सांगून हिरा शिवेकडं पळत सुटली. ती पोचली तेव्हा आबा बांधावर बसून ओठाला हळद लावत होते. ती समोर जाऊन उभी राहिली. तिच्या आधी तेच बोलले.

"हिरा, तीच आळी घे."

तिला वाटलं, टोमणा आहे. पण आबांचा चेहरा चांगला बैल पारखून आलेल्या माणसासारखा खुललेला होता.

"यार्डापाशी बसलो. ड्रायव्हर लोकांनी बिडी दिली, पण कोन म्हून कुनी इचारलं न्हाई. बंगल्यांच्या लाइनीत बसलो. गाडीतनं उतरत्यात अन् फाटक लावून घेत्यात. एकीनं शिळी पोळी टाकली फुडं. हितं मात्र बूड टेकतंय न टेकतंय तवर म्हातारीनं खिडकीतनं हाळी दिली, 'कोन हाय?' सकाळच्याला गिरणीवाला आला, मग दुसरा, मग समदी आळी. लई राखनदार मानसं हायेत. तू रातचं दोनला आलीस तरी कुनी ना कुनी जागं असंल."

"आबा, मारलं त्यांनी तुमाला."

"मारनारच की. मी बोललो न्हाई ना."

"का न्हाई बोललात? नुसतं गाव सांगायचं!"

"गाव सांगितलं असतं तर हितं कशाला आला, ते इचारलं असतं. मग तुझं नाव आलं असतं." त्यांनी हळदीचं बोट धोतराला पुसलं. "आता एक झालं. मला त्या आळीत येता यायचं न्हाई. माझं त्वांड वळखलंय त्यांनी. आपुन यष्टी स्टँडवर भेटत जाऊ. तू सुटीच्या दिशी येत जा. काय?"

तोडगा निघाला म्हणून ते खूश होते. राग नव्हता, रुसवा नव्हता. एखादी शिवी त्यांनी हासडली असती तर हिराला तेवढाच आधार झाला असता. ती बांधावरच बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. आबा कावरेबावरे होऊन म्हणत राहिले, "अगं, दोनच दिल्या. दोनाचं काय येवढं?"

पाळीवर जायच्या आधी ती परत वेशीमागच्या आळीत गेली. एकटीच. प्रयागबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.

"मावशी, सकाळचं ते मानूस... माझा बाप हाय. मेंढरं राखत्यात. तुमची आळी कशी हाय ते बघाया आलं व्हतं. मीच सांगितलं व्हतं, कुनाशी बोलू नका म्हून."

प्रयागबाईंचा हात सुपात थांबला.  खोली गेली, हे हिरानं धरूनच चाललं होतं. खोली गेली तर गेली, पण बाईंनी काहीतरी बोलावं, अशी ती वाट बघत होती.

"आमी मारलं, ते चोर समजून," प्रयागबाई शेवटी म्हणाल्या. "तू कोन समजून बघत उभी ऱ्हायलीस?"

 आळीतून कुणी सायकलवरून गेलं, कुणी प्रयागबाईंना हाक मारली. त्यांनी ओ दिली नाही. हिरा जायला वळली.

"किल्लीचं मी तुला पयल्याच दिशी सांगितलं व्हतं," मागून आवाज आला. "घरचं मोठं मानूस दाखव. उद्याच्याला घिऊन ये त्यास्नी."

आबा काही केल्या तयार होईनात. "तुझी खोली जाईल," एवढंच म्हणत राहिले. हिरानं मेंढरांपाशी उकिडवं बसून त्यांचा पटका स्वतःच्या हातांनी धुतला आणि वाघरीच्या काठीवर वाळत घातला, तेव्हा कुठं ते गप झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं आळीच्या तोंडाशी आली. लाल पटका, घोंगडी, काठी, सगळं जसंच्या तसं. गिरणी चालू होती. हौशीरामनं त्यांना पाहिलं आणि पट्टा उतरवला. गिरणीची घरघर बसत गेली. ओट्यावर प्रयागबाई उठून उभ्या राहिल्या. दोन-तीन दारांत माणसं आली. तेजस्विनीची स्कूटीही कडेला उभी होती. हिरानंच तिला बोलावलं होतं.

आबा थबकले. सगळ्यांचे डोळे आपल्यावर आहेत हे त्यांनी पाहिलं. मग ते हिराकडं थोडे झुकले आणि तिच्या एकटीलाच ऐकू जाईल अशा बेतानं त्यांनी विचारलं,

"हिरा, आता बोलू का?"