जयवंतचा ठोका

जयवंतने लाकडी हातोडी उचलली, मुद्दाम एक लांबलचक जांभई दिली आणि मगच पाटावर ठोका मारला. शेडमधल्या अठरा आंधळ्या कारागिरांनी वेताची एकेक पट्टी खुर्चीच्या चौकटीतून ओढली आणि पुढच्या ठोक्याची वाट पाहत हात थांबवले.

"अजून सावकाश," नलिनीबाई म्हणाल्या. शेड त्यांच्या देखरेखीखाली होती. "साहेब आले की याहून सावकाश."

"बाई, याहून सावकाश म्हणजे खुर्चीला पालवी फुटेल हो," शेवंती म्हणाली.

जयवंतने पुढचा ठोका आणखी उशिरा मारला.

साल सत्तावन्न. घाटकोपरच्या या शेडला सरकारी अनुदान होतं. आंधळ्याचा हात डोळसाइतका चालत नाही, ती तूट सरकारने भरून काढायची, असा ठराव होता. हात तेवढाच चालतो असं दिसलं, तर अनुदान बंद आणि शेडला कुलूप. बाहेर तर कुठलाच दुकानदार आंधळ्याला पायरी चढू देत नव्हता. आणि सहा वर्षांत या मंडळींचे हात कसे तयार झाले होते, ते सांगितलं तर खोटं वाटेल. कानांचं तर विचारूच नका. कांजूरमार्गला कावळ्याने फांदी बदलली, तर शेवंती घाटकोपरात मान वळवायची.

सरकारकडून तपासणीला मार्तंडसाहेब दहाला आले. चपला बाहेर काढून आत आले. भल्या माणसाची हीच पंचाईत, तो नीट बघतो.

"हा ठोका कशाला?"

"सगळ्यांचे हात एका लयीत राहतात, साहेब."

"आज नको. ज्याची त्याची गती पाहू दे."

जयवंतने हातोडी मांडीवर घेतली. टेबलावर जागा नव्हती, म्हणून साहेबांनी खिशातलं घड्याळ काढून पत्र्याच्या उपड्या डब्यावर ठेवलं. साहेबांना त्याचा आवाज आला नाही, नलिनीबाईंनाही नाही. त्या अठरा जणांना मात्र ऐरणीवर घण पडल्यासारखा आला.

आधी शेवंतीचे हात हलले, मग दत्तारामचे. दर टिकटिकीला एक पट्टी. वेताची सरसर वाढत गेली, जणू शेडमधून अजगर चाललाय.

"शेवंती!" बाई खोकल्याआडून म्हणाल्या.

"थांबत नाहीत हो," ती पुटपुटली. कपाळावरून घाम ओघळत होता.

जेवणाच्या सुट्टीआधी अठराही खुर्च्या विणून झाल्या. साहेब एकीवर बसले, उठले ते डोळे पुसतच. अहवालात त्यांनी एकच ओळ लिहिली आणि मोठ्या कौतुकाने नलिनीबाईंपुढे धरली: 'यांना आता मदतीची गरज उरलेली नाही.'

साहेब गेल्यावर दत्तारामने विचारलं, "खूश झाले ना, बाई?"

"फार खूश झाले."

वेत आदल्या दिवशी भिजवल्याशिवाय वळत नाही. शेवंतीने चाचपडत मोळी ओढली.

"उद्यासाठी किती घालू पाण्यात?"

नलिनीबाईंनी अठरा खुर्च्यांवरून नजर फिरवली.

"थोडाच घाल," त्या म्हणाल्या.