पुठ्ठ्याची घडी

रायफलचा दस्ता तोंडावर बसला आणि माझे पुढचे दोन दात फरशीवर पडले.

"वीज सोड, अबू सलवान," शेखचा माणूस जासिब म्हणाला. "शेखसाहेबांच्या वडिलांच्या मातमाला चारशे माणसं मंडपात बसलीत आणि कूलर बंद! अब्रू चाललीय आमची."

"तार तुटलीय कुठंतरी," मी रक्त थुंकत म्हणालो. "आमचा लाइनमन लफ्ता शोधायला गेलाय. त्याचा निरोप येऊ दे."

"आणि तुझा तो डबा? फारच माजलाय."

डबा म्हणजे रिले. वाहिनीत दोष दिसला की क्षणात वीज तोडतो. सव्वीस वर्षं या उपकेंद्रावर काढली, त्याच्याइतका सरळ सहकारी मला भेटला नाही. तो शेख ओळखत नाही की बंदूक.

जासिबने सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा फाडला आणि त्याची तिपदरी घडी घातली. चार वर्षांपूर्वी शेखच्या घरच्या लग्नात यानेच माझ्या कानशिलाला नळी लावली होती. तेव्हा जिवाच्या भीतीने मीच अशी तिपदरी घडी करून रिलेच्या दोन पट्ट्यांमध्ये खुपसली होती. पट्ट्या टेकत नाहीत, वीज तुटत नाही. त्या दिवशी नशिबाने काही घडलं नाही. जासिब बाजूला उभा राहून बघत होता.

मी डब्यावर पंजा ठेवला. त्याने दस्ता घातला. तीन बोटं मोडली, आवाज मला ऐकू आला. त्याच्याबरोबर आलेल्या दुसऱ्या माणसाने मानेला धरून मला मागे ओढलं.

तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरला. लफ्ता होता. "अबू सलवान, वीज देऊ नकोस! तार मंडपामागे सांडपाण्यात पडलीय. पोरं आहेत इथं, हाकलतोय त्यांना!"

"ऐकलंस? तुमचीच पोरं आहेत रे ती!"

"रोजच्याच थापा तुमच्या," जासिब म्हणाला. घडी खुपसून त्याने वीज सोडायचा खटका ओढला.

रिले गप्प राहिला. वॉकीटॉकीतून जे ओरडणं आलं ते माणसाचं वाटत नव्हतं. मी हिसडा देऊन सुटलो आणि डाव्या हाताने खटका पाडला. मग कुणीतरी रडत म्हणालं, "पोरं वाचली. लफ्ता जळाला."

जासिब निघून गेला. मी घडी काढून खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून गावभर एकच बोलणं, उपकेंद्रातला डबा बिघडला होता. तिसऱ्या दिवशी मी लफ्ताच्या मातमाला गेलो. शेखची दोन माणसं समोरच बसली होती. कॉफी आली. मी पेला न पिता खाली ठेवला. आमच्यात असं केलं, की पाहुण्याचं काही मागणं आहे असं समजतात. यजमान 'दिलं, पी' म्हणेपर्यंत तो पेला उचलत नाही.

लफ्ताच्या म्हाताऱ्या बापाने पाहिलं. "बोल, काय मागतोस?"

"मागायला नाही आलो, हाजी." मी घडी पेल्याशेजारी ठेवली. "डबा बिघडला नव्हता. हे होतं त्यात. खुपसलं जासिबनं. पण घडी मी शिकवलेली."

समोरचे दोघे उठले. म्हाताऱ्याने नुसता हात वर केला, तसे ते खाली बसले.

त्याने घडी उलगडली, पुन्हा होती तशी घातली आणि जवळ ठेवून घेतली. 'पी' म्हणाला नाही. 'जा' असंही म्हणाला नाही. सूर्यास्ताच्या, मगरिबच्या अजानपर्यंत मी त्या गार पेल्यासमोर बसून राहिलो.