जावळाआधी

नीलाने कात्री पिशवीतल्या लंगोटांच्या गठ्ठ्याखाली सारली. वर दुधाच्या पावडरचा डबा ठेवला, डब्यावर दोन स्वेटर टाकले आणि मग काही झालंच नाही अशा चेहऱ्याने ती मोज्यांच्या जोड्या लावत बसली.

बाहेरच्या खोलीत रघुवीर थर्मासचं झाकण उघडून आतलं पाणी किती गरम राहिलंय ते बोट बुडवून बघत होता. सकाळपासून त्याचा हाच प्रयोग चालला होता. सारखं झाकण उघडल्यामुळेच पाणी निवतंय, हे टेलिफोन खात्यातल्या इंजिनिअरला आपण कशाला सांगा, असं म्हणून नीला गप्प राहिली होती.

उद्या सकाळच्या बसने दिल्लीला जायचं होतं. रघुवीरचा चुलतभाऊ श्यामकांत तिथे सरकारी नोकरीत होता, त्याच्याकडे नाताळच्या सुट्टीत राहायचं आणि अप्पूघर बघायचं. ‘मोहनला अप्पूघर दाखवायचंय’ असं रघुवीर ऑफिसभर सांगत सुटला होता. मोहन होता सव्वा वर्षाचा. घरातला पंखा दाखवला तरी तो अर्धा तास खूष असायचा. पण अप्पूघरातल्या त्या उंच चढून धाडकन खाली येणाऱ्या गाडीचा फोटो पेपरात आल्यापासून रघुवीरच्या डोळ्यांतून ती गाडी जात नव्हती. हौस बापाची आणि नाव लेकाचं, हे नीलाला कळत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. साताऱ्याहून चंडीगडला बदली होऊन आल्यापासून ह्या माणसाने नाकाबंदी, झडत्या आणि अंधार पडायच्या आत घरी पोचणं ह्यापलीकडे कशातच रस घेतला नव्हता.

“नीला, कात्री कुठंय?”

“असेल तिथेच. कशाला हवीय?”

“कशाला म्हणजे? ठरलंय ना आपलं.”

“तुमचं ठरलंय. माझं आणि खंडोबाचं नाही ठरलेलं.”

घोडं इथेच पेंड खात होतं. मोहनचं जावळ अजून काढलेलं नव्हतं. सासूबाईंनी पालीच्या खंडोबाला नवस बोलला होता की नातवाचे पहिले केस देवाच्या दारात, मामाच्या मांडीवर बसवून काढू, तोवर डोक्याला कात्री लागू देणार नाही. पहिल्या वर्षात जायचं, तर रघुवीरला रजा मिळाली नाही. दुसरं वर्ष जावळाला चालत नाही, म्हणून आता जायचं ते तिसऱ्या वर्षी. तोवर पोराचे केस मानेवर रुळायला लागले होते आणि पुढून डोळ्यांत जात होते.

वरच्या मजल्यावरच्या बीजी म्हणूनच त्याचे केस बांधून द्यायच्या. नाव गुरदेव कौर, पण सगळी गल्ली त्यांना बीजीच म्हणायची. तीन वर्षांपूर्वी, चौऱ्याऐंशीच्या शेवटी, त्या दिल्ली सोडून मुलाला घेऊन इथे भावाच्या घरी राहायला आल्या होत्या. दुपारी उन्हात खाट टाकून विणायला बसल्या की मोहन त्यांच्या मांडीवर. त्या त्याचे केस विंचरायच्या, टाळूवर जुडा बांधायच्या, वर पांढऱ्या रुमालाची गाठ मारायच्या आणि म्हणायच्या, “लो जी, मोहनसिंग तैयार.” पोर दिसायचंही तसंच. गुरुद्वाऱ्यापाशी एका आजोबांनी त्याला ‘सत श्री अकाल’सुद्धा घातला होता. तेव्हा रघुवीरच सगळ्यात जास्त हसला होता.

आता मात्र तो हसत नव्हता.

“नीट विचार कर,” तो दारात उभा राहून म्हणाला. “जुलैत अतिरेक्यांनी बस अडवून हिंदू निवडून मारले होते. तसं काही झालं, तर जुडा असलेला बरा. पण दिल्लीत उतरल्यावर? श्याम सांगतो, त्यांच्या कॉलनीत अजून लोक जुडा बघून कुजबुजतात. अंबाल्यापर्यंत एक डोकं आणि दिल्लीत दुसरं, असं कुठे असतं? त्यापेक्षा केस साफ. प्रश्नच मिटला.”

“पोरगं सव्वा वर्षाचं आहे. त्याला कोण काय करणार आहे?”

 रघुवीरच्या हातातलं थर्मासचं झाकण बोटांत गोल गोल फिरत राहिलं. भीती तिलाही वाटत होती. पण सासूबाई साताऱ्याला देवापुढे रोज दिवा लावून ज्या केसांचा हिशेब देवाला देत होत्या, ते केस इथे बाथरूममध्ये कापून मोरीत सोडायचे, ह्या विचारानेही तिच्या अंगावर काटा येत होता. कापले तर नवस मोडला, आणि उद्या पोराला साधा ताप आला तरी ती स्वतःला माफ करणार नव्हती. न कापावेत, तर वाटेत काय होईल कोणी सांगावं?

“बीजींकडे असेल कात्री,” म्हणत तो जिन्याकडे वळला.

“नाहीये त्यांच्याकडे.”

“दिवसभर विणणाऱ्या बाईकडे कात्री नाही?”

हाच प्रश्न नीलाला वर्षभर पडला होता. चौकस म्हणून ती माहेरी प्रसिद्धच होती. ‘नीलाला घरात घेतलं की उंदरांनीही बिळाचं दार लावून घ्यावं’ असं तिची आत्या म्हणायची. बीजी लोकर दातांनी तोडतात, हे तिने पहिल्या आठवड्यातच टिपलं होतं. स्वेटर उसवायचा झाला तरी सुईने, भाजीची जुडी सोडायची तरी नखाने. एकदा नीलाने आपली कात्री पुढे केली, तर बीजींनी हात ओढणीखाली घेतला आणि त्या मान फिरवून फाटकाकडे बघत राहिल्या.

दुसरी गोष्ट होती जसबीरची, बीजींच्या मुलाची. तो दहावीत होता, डोक्यावर नीट पगडी बांधायचा. एका रविवारी तो न्हाऊन उन्हात केस वाळवत बसला होता. शेजारच्या सरदारजींचे केस कंबरेपर्यंत यायचे आणि त्यांची जन्मापासून कात्री न लागल्याची गोष्ट त्यांनी नीलाला अभिमानाने सांगितली होती. जसबीरचे मात्र खांद्यांच्या जरा खाली येऊन थांबले होते. नीलाने विचारायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात बीजींनी त्याला हाक मारून आत बोलावलं.

आणि दिल्लीबद्दल तर बीजी काही बोलतच नसत. म्हणजे थंडी कशी असते, धुकं कधी उतरतं, मुलाला कानटोपी किती घट्ट बांधायची, हे सगळं त्या खुशाल सांगायच्या. पण ‘तुम्ही राहायचात कुठे?’ म्हटलं की त्यांना विणकामातले टाके मोजायचे असायचे.

रघुवीर खाली आला तो रिकाम्या हाताने. मागून बीजी आल्या. एका हातात पिन्नींचा, म्हणजे कणकेच्या लाडवांचा डबा, दुसऱ्या हातात नवी विणलेली लाल कानटोपी.

“रास्ते के लिए,” त्यांनी डबा पलंगावर ठेवला. मग मोहनकडे बघत हळूच विचारलं, “काका जी कहते हैं, इसके बाल काटने हैं?” रघुवीरला त्या ‘काका जी’ म्हणायच्या; पंजाबीत काका म्हणजे मुलगा.

“मैं नहीं चाहती, बीजी,” नीला म्हणाली. “हमारे यहाँ पहले बाल भगवान के दरवाज़े पर निकालते हैं. तोवर कात्री लावायची नाही. पण ह्यांना डर लगता है.”

घाबरली की तिच्या हिंदीत मराठी घुसायची. बीजींना ते आता सवयीचं झालं होतं. त्या पलंगाच्या कडेला बसल्या. मोहन रांगत त्यांच्याकडे गेला आणि हक्काने मांडीवर चढला. त्यांनी नेहमीसारखा त्याचा रुमाल सोडला, जुडा सोडला, पण पुन्हा बांधला नाही. केस मोकळे सोडून त्या नुसता हात फिरवत राहिल्या.

“डर तो लगता है जी,” त्या म्हणाल्या. “डरने में क्या शरम.”

रघुवीर खुर्चीत बसला. आपल्या बाजूने कोणीतरी बोललं, तरी त्याला त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही.

पलंगावर पसाऱ्यात एक जुना फोटो पडला होता. श्यामकांतला त्याची प्रत हवी होती, म्हणून नीलाने तो बरोबर घ्यायला काढला होता. बीजींनी तो उचलून खिडकीच्या उजेडात धरला. स्टुडिओतला, काळापांढरा. परकर-पोलकं घातलेल्या, वेण्यांवर गजरा माळलेल्या दोन चिमुरड्या पोरी, एकीच्या डोळ्यांत पाणी आणि दुसरी कॅमेऱ्याकडे रागाने बघणारी.

“ये लड़कियाँ कौन हैं? बहुत प्यारी हैं.”

नीलाला हसू आवरेना. “ही रागावलेली आहे ना, बीजी, ये इनके चुलतभाऊ. और ये रोनेवाली...” तिने रघुवीरकडे बोट दाखवलं.

रघुवीरने फोटो हिसकावून घ्यायला हात लांब केला, पण बीजींनी तो त्याच्यापासून दूर धरला. त्यांच्या चेहऱ्यावर नवल होतं, अगदी लहान मुलीचं असतं तसं.

“काका जी? लड़की के कपड़ों में?”

“हमारे यहाँ रिवाज है,” नीला सांगू लागली. “जावळ काढण्याआधी लड़के के बाल लंबे होते हैं ना, तो एक दिन उसे लड़की बनाते हैं. वेणी घालतात, परकर नेसवतात, फोटो काढतात. मग एकदा केस काढले की झालं. बस, हौस. नज़र भी नहीं लगती, कहते हैं.”

बोलता बोलता ती थांबली. पसाऱ्यात तिला शेजारच्या स्मितावहिनींनी दिलेला फ्रॉक दिसला. त्यांच्या मुलीला लहान झालेला, गुलाबी, लोकरी. घरात घालायला होईल म्हणून तिने घेऊन ठेवला होता. तिने तो उचलला, मोहनच्या अंगाला लावून बघितला आणि रघुवीरकडे वळली.

“अहो, कापायचेच कशाला? दोन वेण्या घालू. हा फ्रॉक. वर टोपी. तिकडेही मुलगी, इकडेही मुलगी. मुलीकडे कोण दुसऱ्यांदा बघतंय? आणि श्यामभावजींकडे जावळाआधीचा फोटोही होऊन जाईल. अप्पूघरात. सासूबाई खूष.”

रघुवीर तिच्याकडे, मग फ्रॉककडे, मग आपल्या लेकाकडे बघत राहिला. त्याच्या कपाळावरची आठी आधी सुटली, हसू मागाहून आलं. “माझ्या पोराला मुलगी करून नेतेस,” तो म्हणाला. पण त्याने थर्मासचं झाकण घट्ट लावून टाकलं आणि सकाळपासून पहिल्यांदाच तो खाली ठेवला. म्हणजे मान्य होतं.

“बीजी, तुम्हीच घाला वेण्या,” नीला म्हणाली. “तुमचा हात बसलाय त्याच्या केसांवर.”

बीजी हलल्या नाहीत. फोटो त्यांच्या हातात तसाच होता. त्या फोटोकडे बघत नव्हत्या. त्यांची नजर मोहनच्या मोकळ्या केसांवर होती आणि उजव्या हाताची दोन बोटं अगदी हळू जवळ येत होती, दूर होत होती.

“दो चोटियाँ,” त्या म्हणाल्या. “बस दो चोटियाँ.”

 मोहनने त्यांच्या हातातला फोटो ओढून तोंडात घातला, तो रघुवीरने काढून घेतला.

“जसबीर बारा साल का था,” बीजी म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता, स्वेटरचं माप सांगताना असायचा तसा. “उसके बाल कमर तक थे. गली में आवाज़ें आने लगीं, तो मैंने कैंची उठाई. वो हाथ जोड़ता रहा, बीजी मत काटो, बीजी मत काटो. मैंने काटे.” त्यांनी मोहनचे केस मधोमध भांग पाडून दोन बाजूंना केले. “मेरी बहन की बेटी की फ्रॉक उसी घर में टँगी थी. लड़की की. मुझे सूझा ही नहीं जी.”

रघुवीर खुर्चीतून उठला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. नीलाला वर्षभराचे तिचे सगळे प्रश्न एकामागून एक आठवले. खांद्याशी थांबलेले केस, ओढणीखाली गेलेला हात. आणखी एक प्रश्न तिच्या ओठांवर आला होता, जसबीर तेव्हापासून तुमच्याशी कसं बोलतो, असा. तिने तो विचारला नाही. तिच्या उभ्या आयुष्यात हे बहुधा पहिल्यांदाच घडत असावं.

बीजींच्या हातांनी वेण्या घालायला सुरुवात केली. तीन पेडांच्या, बारीक, घट्ट. मोहन आज कधी नव्हे तो शांत बसला होता. एक वेणी पुरी झाली तेव्हा बीजींनी ती बोटांत धरून ठेवली आणि म्हणाल्या, “बेटा, बाँधने को कुछ देना.”

लाल लोकरीचा गुंडा टोपीबरोबरच आला होता. नीलाने त्याचा धागा ओढला. सवयीने तिचा हात पिशवीत गेला, स्वेटर बाजूला झाले, डबा हलला, आणि लंगोटांच्या गठ्ठ्याखाली कात्रीचं गार लोखंड तिच्या बोटांना लागलं. खिडकीशी उभा रघुवीर वळून तिच्याकडेच बघत होता. काखेत कळसा होता हे आता त्याच्याही ध्यानात आलं असणार. तो पुन्हा खिडकीबाहेर बघू लागला.

नीलाने हात तसाच बाहेर काढला, रिकामा. धागा तोंडाशी नेला आणि दातांनी तोडला.

बीजींनी तो घेतला. क्षणभर नीलाकडे बघितलं, मग मान खाली घालून त्या गाठ मारू लागल्या.

“एक और,” त्या म्हणाल्या. “दूसरी तरफ के लिए.”